आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायाधीश व्हायचंय? या चुका टाळा

हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात न्यायाधीशपदासाठी अर्ज करता येत नाही, हे अजूनही सांगावं लागतं. रोम संविधी, म्हणजे हे न्यायालय स्थापन करणारा करार, मान्य केलेलं राष्ट्र उमेदवार सुचवतं, एका निवडणुकीत एकच. मग सदस्य राष्ट्रांची सभा गुप्त मतदानाने निवड करते आणि त्यासाठी दोन तृतीयांश मतं लागतात. न्यायाधीश एकूण 18, दर तीन वर्षांनी सहा जागा भरतात. उमेदवार कुठल्या तरी सदस्य राष्ट्राचा नागरिक असावाच लागतो. भारत, अमेरिका, चीन आणि रशिया सदस्य नाहीत. हे तपासायच्या आधीच पुढच्या वीस वर्षांचा आराखडा आखू नका.

उमेदवारीच्या दोन याद्यांपैकी एक निवडतानाही घाई नडते. ‘अ’ यादी फौजदारी कायदा आणि खटल्यांचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांची, ‘ब’ यादी मानवाधिकार, युद्धविषयक कायदा अशा आंतरराष्ट्रीय विषयांतल्या जाणकारांची. ‘ब’मधून आलात तरी पुढ्यात उलटतपासणीच चालणार आहे. नुसत्या परिषदा आणि शोधनिबंधांच्या बळावर हे पद पेलत नाही. निदान एक मोठा फौजदारी खटला आरोपनिश्चितीपासून निकालापर्यंत रोज बसून पाहावा. याला पर्यायी आखूड वाट असेल असं मला वाटत नाही.

आता सर्वांत महागात पडणारी चूक, म्हणजे खटला हातात असताना मत लिहून पाठवणं. 2013 मध्ये माजी युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठीच्या न्यायाधिकरणातले डॅनिश न्यायाधीश फ्रेडरिक हारहॉफ यांनी 56 परिचितांना एक ईमेल पाठवला. सेनाधिकाऱ्यांची निर्दोष मुक्तता करणाऱ्या ताज्या निकालांवर त्यात टीका होती. पत्र खासगी होतं, तरी वर्तमानपत्रात छापून आलं. हारहॉफ त्या वेळी सर्बियन नेते व्होयिस्लाव शेशेल यांच्या खटल्यात बसले होते. अंतिम युक्तिवाद 2012 मध्येच संपले होते, निकालाची तारीखही ठरली होती. आरोपीने हरकत घेतली आणि ऑगस्टमध्ये बहुमताने हारहॉफ यांना त्या खटल्यातून दूर केलं गेलं. मजकुरावरून दोषी ठरवण्याकडे कल दिसतो, असं बहुमताचं म्हणणं होतं. नवे न्यायाधीश आले, त्यांना सगळा अभिलेख वाचावा लागला आणि निकाल थेट 31 मार्च 2016 ला लागला. साक्षीदार आणि पीडित तोवर ताटकळत राहिले. पूर्वग्रह खरोखर होता का, एवढाच प्रश्न अशा वेळी नसतो. समंजस माणसाला बाहेरून तो दिसेल का, हेही पाहिलं जातं. म्हणून हातातल्या खटल्याच्या जवळपासच्या विषयावर ईमेल, भाषण, मुलाखत, काहीच नको. अगदी मित्रालाही नको.

दुसरी मोठी चूक निकालपत्रात होते: आरोपांच्या चौकटीबाहेर जाणं. संविधीचं कलम 74 स्पष्ट सांगतं की निकाल आरोपपत्रातल्या तथ्यांपलीकडे जाऊ शकत नाही. काँगोचे माजी उपराष्ट्रपती ज्याँ-पिएर बेम्बा यांना 2016 मध्ये सेनाधिकारी म्हणून दोषी ठरवून 18 वर्षांची शिक्षा झाली. 8 जून 2018 ला अपील कक्षाने 3 विरुद्ध 2 मतांनी ती रद्द केली. काही विशिष्ट गुन्हे निश्चित केलेल्या आरोपांच्या कक्षेतच नव्हते. शिवाय सैन्याला आवरण्यासाठी त्यांनी ‘आवश्यक आणि वाजवी’ उपाय केले की नाही, याचं मूल्यमापन चुकलं होतं. बेम्बा 2008 पासून कोठडीत होते. यावर माझी सवय साधी आहे: प्रत्येक निष्कर्षाशेजारी समासात दोन आकडे, आरोपपत्रातला परिच्छेद आणि साक्षीच्या नोंदीतलं पान. एक जरी आकडा मिळाला नाही, तर ते वाक्य कितीही खरं वाटलं तरी काढायचं. सहायक विधी अधिकाऱ्याने तयार केलेल्या मसुद्यालाही हाच नियम. मसुदा सफाईदार आहे म्हणून सही करणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो.

बाकीच्या चुका थोडक्यात.

अटक वॉरंटला ‘वाजवी कारणं’, आरोपनिश्चितीला ‘ठोस कारणं’ आणि दोषसिद्धीला ‘वाजवी शंकेपलीकडे’ खात्री लागते. या तीन पायऱ्यांची सरमिसळ नको.

साक्षीदाराचं वाक्य संपताच प्रश्न टाकू नका. दुभाषी मागे असतो. मनात पाच आकडे मोजा, नाहीतर नोंदीत अर्धं वाक्य उरतं आणि अपिलात त्याच अर्ध्या वाक्यावर वाद रंगतो.

खटला कक्षातले सर्व न्यायाधीश सुनावणीच्या प्रत्येक टप्प्याला हजर असावे लागतात, त्यामुळे सुनावणीच्या काळात व्याख्यानांची आमंत्रणं स्वीकारू नका.

मुदत नऊ वर्षांची असते आणि सर्वसाधारणपणे फेरनिवड नाही. पण सुनावणी सुरू झालेला खटला मुदतीनंतरही पूर्ण करावा लागतो. तेव्हा पुढच्या नोकरीवर रुजू होण्याची तारीख कुणालाही पक्की सांगू नका.