विद्या बारवेत सापडत नसते: जादूच्या कथा लिहिताना या चुका टाळा

मागच्या उन्हाळ्यात परभणीकडच्या एका पोरानं कादंबरीची वही वाचायला दिली. दहावी नापास नायक. गावच्या बारवेतल्या गाळात त्याला यादवकाळचा ताम्रपट सापडतो, रात्रीतून तो वाचतो आणि सकाळी ढग गोळा करतो. मी विचारलं, "लिपी कोणती?" तर म्हणे, "जादूच आहे ना, सर!" अरे बाबा, तुझ्या आजोबांचं निजामाच्या काळातलं उर्दू खरेदीखत तुमच्या घरात कुणाला वाचता येत नाही!

विद्या अशी तयार सापडली की कथा तिथंच बसते. महानुभावांनी पोथ्या सकळा या सांकेतिक लिपीत कोंडून ठेवल्या. बाहेरच्यांना त्या उलगडायला शतकं लागली. लीळाचरित्राची मूळ पोथी धाडीत गेली, शिष्यांनी आठवून आठवून ती पुन्हा उभी केली, म्हणून पाठभेद. मंत्राचंही असंच होऊ द्या. एका पाठानं पाऊस, दुसऱ्यानं गारपीट, आणि खरा कोणता यावरून दोन मठांत भांडण.

मी मंत्र लिहायच्या आधी वहीच्या मागच्या पानावर त्याची वंशावळ काढतो: पहिल्यांदा गरज कुणाला पडली, बिघडवला कुणी, विकला कुणी. आमच्याकडचा पाणाड्या जमिनीतलं पाणी शोधायला तळहातावर नारळ घेऊन रान फिरतो. तुमच्या कथेत त्याचा नारळ खरंच उभा राहू द्या, पण त्याआधी बापाच्या कोरड्या गेलेल्या बोअर मोजा. विद्या तिथं वाढते.

दुसरी चूक उतावळेपणाची. पैठणची गोष्ट सगळ्यांना अर्धीच आठवते. राजा सातवाहनाला संस्कृत शिकवायला त्याच्या दरबारातल्या गुणाढ्यानं सहा वर्षं मागितली, शर्ववर्म्यानं सहा महिने. दोघांत पैज लागली. जिंकला शर्ववर्मा. नवशिके एवढंच उचलतात! त्यानं मौन धरून, वाऱ्यावर जगून कार्तिकेयाला प्रसन्न केलं, ते गाळतात. हरलेल्या गुणाढ्यानं पैजेपायी तीन भाषा सोडल्या, रानात पिशाचांची भाषा शिकला आणि सात लाख श्लोकांची बृहत्कथा स्वतःच्या रक्तानं लिहिली. राजानं ती नाकारली तेव्हा एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत त्यानं सहा लाख जाळले. उरलेल्या एका लाखावर पुढच्या कथाकारांची पोटं भरली.

बाकीच्या चुका किरकोळ. 'ह्रीं-क्लीं' जोडून मंत्र होत नाही. चारशे वर्षांत विद्येत काहीच बदललं नाही, असं लिहू नका. आणि मरता मरता सगळं सांगून जाणारा गुरू आता पुरे.

त्या पोरानं परवा तिसरा खर्डा आणला. नायकाला ताम्रपटाच्या दोनच ओळी लागल्यात. तिसरीसाठी तो पैठणच्या एसटीत बसलाय.