एअर प्युरिफायरचा डबा कसा वाचायचा

नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका औषध कारखान्यात मी २२ वर्षं हवेचे फिल्टर सांभाळले. त्यामुळे दिवाळी जवळ आली की घरचे, शेजारचे एअर प्युरिफायर घ्यायला मला धरून बर्डीच्या बाजारात नेतात. मागच्या खेपेला भाचा होता. त्याच्या पोरीला थंडीत दम लागतो. दुकानातला पोरगा डब्यावर बोट ठेवून म्हणाला, "काकाजी, एच-१३ आहे, मेडिकल ग्रेड." मी म्हटलं, "बाप्पा, मग कागद दाखव." तो म्हणे, "कायचा कागद?"

आमच्याकडे हेपा, म्हणजे हवेतले बारीक कण अडवणारा दाट तंतूंचा फिल्टर, आला की त्यावर सिरीयल नंबर असायचा, आणि त्याच नंबरचा चाचणीचा दाखला सोबत. ईएन १८२२ हे अशा फिल्टरांसाठीचं युरोपचं मानक. पकडायला सगळ्यात अवघड आकाराच्या कणांपैकी ९९.९५ टक्के अडकले तर एच-१३, ९९.९९५ अडकले तर एच-१४. त्याखाली ई-१० (८५ टक्के), ई-११ (९५) आणि ई-१२ (९९.५). अमेरिकन पद्धतीत ०.३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कणांना ९९.९७ टक्के लिहितात. घरासाठी तो आणि एच-१३ सारखेच समजा, त्यावरून दुकानात वाद घालू नका. "मेडिकल ग्रेड" नावाची श्रेणी मात्र या मानकात कुठंच नाही. आणि "हेपा टाईप" किंवा "हेपा लाईक" दिसलं की डबा परत ठेवा, कारण तो फिल्टर किती टक्के अडवतो हे त्या शब्दांवरून कळतच नाही.

"०.१ मायक्रॉनचेही कण पकडतो" वाचून भाचा खूश झाला होता. त्यात विशेष काही नाही. हेपा म्हणजे चाळणी नव्हे, तंतूंचं जंगल आहे. मोठा कण सरळ जाऊन तंतूवर आदळतो. अगदी बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडावाकडा फिरतो आणि कुठंतरी चिकटतो. निसटतो तो मधला, साधारण ०.३ मायक्रॉनच्या आसपासचा. म्हणून तर परीक्षा त्याची घेतात.

आता खरी गोष्ट. श्रेणी असते फिल्टरची, मशीनची नाही. चांगला फिल्टर आणि मरतुकडा पंखा असेल तर खोलीची हवा तशीच राहते. म्हणून डब्यावर सीएडीआर शोधा, म्हणजे तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा मिळते तो आकडा. भाच्याची खोली १२ बाय १२, उंची १०, म्हणजे १४४० घनफूट, जवळपास ४१ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा फिरायला हवी असेल तर सीएडीआर २०० च्या वर लागतो. तिथल्याच एका डब्यावर सीएडीआर २०० आणि शेजारी "५०० चौरस फुटांसाठी" असं छापलेलं होतं. मी बिलाच्या पाठीवर हिशेब केला: तेवढ्या खोलीत तासाला जेमतेम दीड वेळाही हवा फिरत नाही. शिवाय हा आकडा पंखा पूर्ण वेगात असतानाचा. रात्री आवाज नको म्हणून स्लीप मोड लावला की तो बराच घसरतो. त्यामुळे एक नंबर मोठं मशीन घ्या आणि हळू चालवा.

घेण्याआधी फिल्टर बाहेर काढून पाहा. भोवती रबर किंवा फोमची गॅस्केट हवी, आणि फिल्टर खाचेत घट्ट बसायला हवा. कारखान्यात आमचा निम्मा जीव कडेची गळती शोधण्यात जायचा. फटीतून गेलेली हवा गाळली जात नाही, मग फिल्टर एच-१४ असो की आणखी काही.

आयोनायझर (हवेतल्या कणांना विजेचा भार देणारा भाग) असेल तर त्याचं बटण बंदच ठेवा, काहींतून ओझोन निघतो आणि दम्याच्या पोरीला तोच नको. कार्बनचा फिल्टर फोडणीचा वास थोडा ओढतो, पण हातात घेऊन वजन पाहा. काळी पावडर फवारलेली जाळी असेल तर त्याचे वेगळे पैसे देऊ नका. नवीन फिल्टर केवढ्याला पडतो, तेही आधीच विचारा.

आणि हसू नका, पण घरी आणल्यावर फिल्टरवरची प्लास्टिकची पन्नी काढा. माझ्या साडूकडं मशीन चार महिने पन्नीसकट चालून राहिलं होतं. मी झाकण उघडलं तर फिल्टर पांढराशुभ्र, आणि स्क्रीनवर "आयुष्य ६० टक्के शिल्लक". ती स्क्रीन मळ मोजत नव्हती, नुसते तास मोजत होती. म्हणून महिन्यातून एकदा उघडून डोळ्यांनीच पाहा. बाहेरची जाळी धुवा, हेपा कधीच धुवू नका.

मार्चअखेर खिडकीत कूलर लागला की प्युरिफायर बंद करा. कूलर बाहेरची हवा सारखी आत ढकलतो, मग ते बिचारं काय गाळणार? फिल्टर कोरड्या पिशवीत बांधून कपाटात ठेवा, जिथं कूलरचा ओलावा पोचणार नाही.