मोबाइलवरील चित्रीकरणात संवाद हळूहळू ओठांच्या मागे पडणे : माझा अनुभव

आम्ही मित्रांनी मोबाइलवर चित्रित केलेल्या अद्भुतरम्य लघुपटात, चेटकिणीच्या दीर्घ प्रसंगाच्या आरंभी वेगळ्या रेकॉर्डरवरील संवाद ओठांशी अचूक जुळत. शेवटाकडे मात्र ते स्पष्टपणे मागे पडत. आवाज सरकवून पाहिला, त्याचा वेग बदलून पाहिला. प्रत्येक तुकड्यातील फरक निराळा निघे, आणि हे अतिशय वैतागवाणे होते.

बरेच मोबाइल मंद उजेडात दर सेकंदाच्या फ्रेमची (चित्रांची) संख्या कमी-जास्त करतात, आणि आमचा प्रसंग तर मशालींच्या प्रकाशातला होता. संकलनाचे सॉफ्टवेअर ही संख्या स्थिर धरून चालले, तर चित्र आणि वेगळा आवाज हळूहळू एकमेकांपासून सरकतात. मीडियाइन्फो या फाइलची तांत्रिक माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘फ्रेम रेट मोड’पुढे ‘व्हेरिएबल’ (बदलता) दिसल्यास प्रथम हेच कारण तपासावे.

मूळ फायली जपून ठेवाव्यात. हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून ‘व्हिडिओ’ विभागात चित्रीकरणाचाच फ्रेमरेट (आमचा 30) द्यावा, ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ (स्थिर दर) निवडावा, आरएफ (दर्जा ठरवणारा आकडा; जितका कमी तितका दर्जा चांगला) 18 च्या आसपास ठेवावा, म्हणजे चित्राचा दर्जा फारसा घसरत नाही. मग ‘ऑडिओ’ विभागात सॅम्पलरेट (आवाजाचे दर सेकंदाचे नमुने) 48 किलोहर्ट्झ करून फाइल तयार करावी. संकलनाच्या नव्या प्रकल्पाचा दर फायली आणण्यापूर्वीच 30 ठरवावा आणि त्यानंतरच चित्रीकरणाच्या आरंभी वाजवलेल्या टाळीच्या ठोक्यावर आवाज जुळवावा. जुन्या टाइमलाइनवर केवळ फायली बदलू नयेत, कारण तेथील कट आधीच्या चुकीच्या जुळणीवर बेतलेले असतात.