ऑप्टिकल ट्रेमोलोची डेप्थ फुल, तरी इफेक्ट हलका? वेव्हशेप असा सेट करा

डेप्थ नॉब शेवटपर्यंत फिरवला तरी ट्रेमोलो (गिटारचा आवाज ठरावीक लयीत कमीजास्त करणारा इफेक्ट) मिळमिळीतच वाटतो, अशी तक्रार बऱ्याच जणांची असते, आणि बहुतेक वेळा पेडल ठणठणीत असतं, वेव्ह, म्हणजे आवाज वरखाली होण्याचा आकार, जमलेली नसते. डेप्थ नॉब फक्त आवाज किती खाली जाणार ते ठरवतो. खाली गेल्यावर तिथे किती वेळ राहणार हे वेव्हशेप ठरवतो, आणि कानाला खोली जाणवते ती मुख्यतः त्या वेळामुळे.

आत काय चालतं ते थोडक्यात: एलएफओ (संथ लहर तयार करणारं सर्किट) एक छोटा दिवा किंवा एलईडी कमीजास्त करतो, समोर एलडीआर (उजेडाप्रमाणे बदलणारा रेझिस्टर) असतो, उजेड पडला की त्याचा रेझिस्टन्स घटतो आणि त्याप्रमाणे सिग्नल दाबला किंवा सोडला जातो. १९६० च्या दशकातल्या बऱ्याच फेंडर ब्लॅकफेस अँपमध्येही हेच होतं, तिथे निऑनचा दिवा होता.

१. आधी कान मोकळा करा. क्लीन टोन, ड्राइव्ह (आवाज खरखरीत करणारा इफेक्ट) आणि कंप्रेसर (मोठा-लहान आवाज सारखा करणारा) बंद, डेप्थ फुल, रेट सेकंदाला ५ झोके (टॅप करत असाल तर १५० बीपीएमला एका बीटमध्ये दोन). एक कॉर्ड वाजवा आणि वाजू द्या. स्ट्रमिंग करत बसलात तर पिकचा अटॅकच ऐकू येत राहतो, वेव्ह कळत नाही.

२. वेव्ह ट्रायअँगलवरून (सरळ रेषेत चढ-उतार) साइन (गोलसर), मग स्क्वेअरकडे (झटकन चालू-बंद) न्या. ५ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ५ झोके असताना, एक झोका २०० मिलिसेकंदांचा. आवाज पूर्ण बंद होण्यापर्यंत डेप्थ आहे असं धरा आणि सिग्नल कमाल पातळीच्या दहाव्या हिश्शाखाली, म्हणजे २० डेसिबलपेक्षा जास्त खाली, किती वेळ असतो ते काढा. ट्रायअँगल फक्त २० मिलिसेकंद, साइन साधारण ४१, स्क्वेअर तब्बल १००. तिघांची डेप्थ कागदावर एकच! गंमत म्हणजे सरासरी पॉवर काढली तर स्क्वेअरची सगळ्यात जास्त निघते, ट्रायअँगलची सगळ्यात कमी, तरी खोल वाटते ती स्क्वेअरच. म्हणून नुसत्या मीटरवर विश्वास ठेवू नका.

३. एलडीआरचा आळस ओळखा. हे आकडे आदर्श वेव्हचे, पेडलमध्ये एलडीआर मध्ये येतो. उजेडाला तो काही मिलिसेकंदांत उठतो पण अंधारात परत यायला बराच जास्त वेळ घेतो, त्यामुळे स्क्वेअरची एक कड गोल होतेच. कोणती, ते वायरिंगवर. रेट १ हर्ट्झवर आणा, स्क्वेअर लावा आणि ऐका. आवाज पटकन पडून सावकाश वर येत असेल तर एलडीआर सिग्नल ग्राउंडला नेतोय. फास्ट रेटला अशा पेडलचा आवाज पूर्ण वर पोचतच नाही, सगळं एकूण बारीक होतं, तेव्हा लेव्हल किंवा व्हॉल्यूम नॉब असेल तर तो थोडा वाढवायचा. उलट, पटकन वर येऊन सावकाश पडत असेल तर एलडीआर सिग्नलच्या वाटेत सीरिजमध्ये आहे आणि फास्ट रेटला तळच गाठला जात नाही. मिळमिळीतपणा जास्त करून इथे. माझं मत विचाराल तर पहिला प्रकार फास्ट वाजवायला बरा, दुसरा स्लो गाण्यांना.

४. आता रेटप्रमाणे वेव्ह बदला. रेट ८-९ हर्ट्झपर्यंत नेला की डेप्थला हात न लावता वेव्ह स्क्वेअरकडे सरकवा, कारण एलडीआर कडा आपोआप गोल करणारच आहे. २ हर्ट्झच्या आसपास उलटं करा, साइनवर या, नाहीतर कोणीतरी म्यूट बटण दाबतंय असं ऐकू येतं. वेव्ह नॉबच नसेल तर मॅन्युअल बघा, काही पेडलमध्ये आत ट्रिमर (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा नॉब) दिलेला असतो.

५. मग ड्राइव्ह चालू करा. ट्रेमोलो ड्राइव्हच्या आधी असेल तर ड्राइव्ह सिग्नल कंप्रेस करतो, खाली गेलेला आवाज वर उचलतो आणि वेव्हशेपवर घेतलेली निम्मी मेहनत तिथेच जाते, साइन आणि ट्रायअँगलला तर जास्तच. खोली हवी असेल तर ट्रेमोलो ड्राइव्हच्या नंतर लावा. जुन्या अँपसारखा पॉवर स्टेजवर (अँपचा शेवटचा, स्पीकर चालवणारा भाग) खरखरणारा टोन असेल तर मात्र पेडल नंतर नेता येत नाही, तिथे वेव्ह अजून थोडी स्क्वेअरकडे न्या.

शंका राहिली तर तोच कॉर्ड रेकॉर्ड करून झूम करा, तळाचा सपाट भाग किती लांब आहे ते स्क्रीनवर थेट दिसतं.