मामाचं काय झालं, हे आधी विचारा

चार वर्षांचा मुलगा. यकृतात पुन्हा पुन्हा गळू, बीसीजी टोचलेल्या बाजूला काखेत गाठ. एक्झोमच्या (प्रथिनं बनवणाऱ्या सगळ्या जनुकांच्या तपासणीच्या) रिपोर्टात सीवायबीबी जनुकात एक मिसेन्स बदल, म्हणजे प्रथिनातलं एक अमिनो आम्ल बदलणारा, आणि पुढे शेरा: व्हीयूएस. म्हणजे हा बदल घातक की निरुपद्रवी, ते ठरवण्याइतका पुरावा नाही. लॅबमध्ये मी नवीन होते. दोन दिवस संगणकापुढे बसले. क्लिनव्हारमध्ये (जनुकबदल आणि आजार यांची नोंदवही) नोंद नाही, नोमॅडमध्ये (लाखो लोकांच्या जनुकांचा साठा) कुणात सापडलेला नाही, सॉफ्टवेअर ‘घातक’ म्हणतायत. मला वाटलं, ठरलं.

ठरलं नव्हतं. एसीएमजी या अमेरिकन जनुकवैद्यक संस्थेच्या 2015च्या निकषांत प्रत्येक पुराव्याचं वजन वेगळं असतं. नोमॅडमध्ये नसणं हा पुरावा 2020पासून दुबळाच धरतात. त्यातून आपल्याकडे पोटजातीतच लग्नं होतात. अशा कितीतरी समाजांचे नमुने तिथे पोचलेलेच नाहीत.

मॅडमनी एवढंच विचारलं, “आईच्या माहेरी कुणी मुलगा लहानपणी गेलाय का?” मी विचारलंच नव्हतं. फोन केला. मुलाचा मामा तिसऱ्या वर्षी न्यूमोनियाने गेला होता. सीवायबीबी एक्स गुणसूत्रावर आहे, म्हणजे मुलाला ते आईकडूनच मिळतं, हे मला पाठ होतं. तरी हा प्रश्न सुचला नाही.

मग डीएचआर केली. जंतू मारणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी नीट काम करत असतील तर या रक्तचाचणीत उजळतात. मुलाच्या उजळल्याच नाहीत. पण सीजीडी, म्हणजे या पेशींना काही जंतू मारता न येण्याचा जन्मजात आजार, इतर जनुकांमुळेही होतो, आणि मायलोपेरॉक्सिडेज या एन्झाइमच्या कमतरतेतही डीएचआर फसवते. खरा उलगडा आईच्या रक्ताने केला: आलेखात दोन टेकड्या, काही पेशी उजळलेल्या, काही अंधारात. एक्सवरच्या दोषाची वाहक असली की असंच दिसतं. सँगरमध्ये (जनुकाचा तेवढाच तुकडा वाचणाऱ्या तपासणीत) तोच बदल तिच्यातही सापडला. (नमुना शक्यतो 24 तासांत लावा, आणि त्याच प्रवासातून आलेलं निरोगी माणसाचं रक्त सोबत हवंच. नाहीतर शिळ्या पेशींना आजारी ठरवाल.)

सगळे पुरावे मांडल्यावर शेरा ‘बहुधा घातक’ असा बदलला.

मधल्या काळात मुलाची मावशी येऊन गेली होती. लग्न ठरत होतं, स्वतःची तपासणी करून हवी होती. व्हीयूएसच्या भरवशावर नातेवाइकांना वाहक ठरवायचं नसतं, म्हणून तिला थांबायला सांगितलं होतं. सुधारित रिपोर्ट निघाला त्या दुपारी पहिला फोन मी तिला केला.