टच पूल असलेले छोटे मत्स्यालय पाहायला जाताना

सुट्टीत शहरातल्या मैदानावर उभे राहणारे बोगद्याचे मत्स्यालय असो किंवा मॉलमधले कायमचे छोटे मत्स्यालय, जिथे टच पूलमध्ये, म्हणजे उघड्या उथळ टाकीत, मुलांना जलचरांना हात लावू दिला जातो तिथे हात लावायचा की नाही, हे तिकीट काढताना नव्हे, तर त्या प्राण्याची अवस्था पाहून ठरवावे.

जाण्यापूर्वी तिथे कोणते प्राणी ठेवले आहेत, याची फोनवरून चौकशी करावी. समुद्रघोडा आणि समुद्रकाकडी या जीवांना २००१ मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे कडक संरक्षणाच्या यादीत, घालण्यात आले. याच कायद्यातील प्राणिसंग्रहालयाच्या व्याख्येत फिरते प्रदर्शनही येते, म्हणून असे संरक्षित जीव मांडलेले दिसल्यास केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता आहे का, असे थेट विचारावे. उत्तर देताना टाळाटाळ झाली, तर मुलांची समजूत काढून बेत रद्द करणे मला योग्य वाटते.

शक्यतो आठवड्यातील कामाच्या दिवशी सकाळी जावे आणि आत गेल्यावर पहिली दहा मिनिटे फक्त पाहावे. मासा पृष्ठभागाशी येऊन सतत तोंड उघडत असेल, तर पाण्यात प्राणवायू कमी आहे किंवा साठलेल्या अमोनियाने कल्ल्यांना इजा झाली आहे, अशी शंका घ्यावी. अंगाशी मिटलेले पर, मिठाच्या दाण्यांसारखे पांढरे ठिपके आणि काचेला तोंड लावून एकसारखे वर-खाली पोहणे, ही आजाराची किंवा ताणाची लक्षणेही मुलांना दाखवावीत. पाकटासारखा (चपट्या अंगाचा, लांब शेपटीचा) मासा टाकीत असेल, तर हातांपासून दूर जाण्याइतकी जागा त्याला आहे का, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे आहे. जागा असूनही तो काठाशी येत नसेल, तर त्याला हात लावू नये.

मागच्या वर्षी एका प्रदर्शनात मी एक तारामासा पाहिला. फोटोसाठी तो पाच-सहा मुलांच्या हातांतून पाण्याबाहेर फिरत होता, त्याच्या पोटाकडचे बारीक नळीपाय हवेत चाचपडत होते आणि त्याला ओढून काढताना तुटलेले दोन-तीन नळीपाय काचेला चिकटून राहिले होते. ते दृश्य मी अजून विसरू शकलेलो नाही. तारामासा याच नळीपायांनी आणि पाठीवरील सूक्ष्म कल्ल्यांनी पाण्यातून प्राणवायू घेतो, त्यामुळे त्याला बाहेर काढणे म्हणजे त्याचा श्वास कोंडणे होय. हात लावायचाच असेल, तर अंगठ्या काढाव्यात, हात साध्या पाण्याने स्वच्छ धुवावेत आणि सॅनिटायझर किंवा क्रीमचा अंशही राहू देऊ नये. प्राणी पाण्यात असतानाच दोन ओल्या बोटांनी त्याच्या पाठीला हलकेच स्पर्श करावा. माशाच्या अंगावरील बुळबुळीत थर त्याला संसर्गापासून वाचवतो आणि कोरड्या हाताने तो निघून येतो. हाताला जखम असेल, तर पाण्यात हात घालूच नये, आणि बाहेर आल्यावर साबणाने हात धुवावेत, विशेषतः कासवाला स्पर्श केला असल्यास, कारण त्यातून साल्मोनेला या जिवाणूचा संसर्ग होऊ शकतो.

पैसे देऊन खाद्य घालण्याचे कप सहसा घेऊ नयेत, कारण गर्दीच्या दिवशी नको तितके अन्न पाण्यात पडते आणि न खाल्लेले अन्न कुजून अमोनिया वाढतो. मासे अंगाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या पार्श्वरेषा या संवेदी अवयवाने कंपने टिपतात, म्हणून काचेवर टकटक करू नये आणि इतर कोणी करत असेल, तर त्यांनाही नम्रपणे थांबवावे. पायाची कातडी कुरतडणाऱ्या माशांचा स्पा मी तरी टाळावा असेच सांगेन, कारण त्या माशांना उपाशी ठेवल्याशिवाय तो खेळ चालत नाही.

काही गैर दिसले, तर वाद न घालता टाकीचे आणि प्राण्याचे वेळेसह फोटो घ्यावेत. आधी तिथल्या व्यवस्थापकाला लेखी कळवावे. संरक्षित जीवांबाबत शंका असल्यास महाराष्ट्रात वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

मुलांना समुद्री जीव जवळून दाखवणे एवढाच हेतू असेल, तर मुंबईत ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या गटाने २०१७ पासून सुरू केलेल्या किनारा-फेऱ्यांसारखा उपक्रम शोधावा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणानंतरच्या मोठ्या ओहोटीला खडकाळ किनारा उघडा पडतो आणि डबक्यांत खेकडे व समुद्रफुले त्यांच्या स्वतःच्या घरात दिसतात. तिथे दगड उचलून पाहिला, तर तो पुन्हा जसा होता तसाच, त्याच बाजूने, अलगद ठेवावा.