मुलाच्या वाक्यानंतर ताई काय बोलतात? वीस मिनिटांत तपासा

अंगणवाडीत ताई दिवसभर बोलत असतात. त्यातल्या सूचना किती आणि गप्पा किती, हे आठवून मात्र सांगता येत नाही, मोजावंच लागतं. अमेरिकी शिक्षण-संशोधक रॉबर्ट पियांटा आणि सहकाऱ्यांनी बनवलेल्या ‘क्लास’ या निरीक्षणपद्धतीत निरीक्षक साधारण २० मिनिटं वर्ग पाहतो आणि मग १ ते ७ गुण देतो. अमेरिकेतल्या हेड स्टार्ट (गरीब घरच्या लहान मुलांसाठीचे सरकारी बालवर्ग) वर्गांत भावनिक आधाराला ६ च्या आसपास गुण मिळतात, तर विचार आणि भाषा वाढवणाऱ्या शिकवण्याला ३ च्या आसपास. माया भरपूर, पण बोलणं पुढं जात नाही. ‘क्लास’चे गुण द्यायला रीतसर प्रशिक्षण लागतं. खालची तपासणी त्याहून खूप साधी आहे, ती कुणालाही जमेल.

ताईंचं आणि मुलांचं बोलणं मोबाइलवर ध्वनिमुद्रित करायचं आहे, म्हणून आधी पालकांना सांगून परवानगी घ्या. मोबाइल विमान मोडवर टाका आणि मुलं बसतात त्या उंचीवर, भिंतीपासून दूर ठेवा. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून खाली सतरंजी हवीच. वेळ मुक्त खेळाची किंवा चित्रगप्पांची निवडा. बडबडगीतं आणि खाऊची वेळ टाळा. तेव्हा सगळे एकसुरात बोलतात, नाहीतर नुसत्या सूचना चालतात.

वीस मिनिटं ध्वनिमुद्रण करा, पण लिहून काढा फक्त मधली पाच. सगळं लिहायला बसलात तर काम अर्धवट राहील. ताईंच्या प्रत्येक वाक्यापुढं एक अक्षर टाका: सूचनेला ‘सू’, एकच ठरलेलं उत्तर असलेल्या प्रश्नाला ‘ठ’ (“हा रंग कोणता?”), मोकळ्या प्रश्नाला ‘मो’, आणि मुलाचाच शब्द उचलून पुढं नेलं तर ‘पु’. बोललेल्या मुलांची नावं समासात लिहा. बहुतेकदा तीच तीन-चार नावं पुन्हा पुन्हा येतात.

आता खरं काम. मूल म्हणतं, “ताई, आमची शेळी व्याली.” ताई म्हणतात, “अरे वा, छान! बस खाली.” इथं गप्पा संपल्या. ‘छान’ ऐकायला गोड, पण तो पूर्णविराम आहे. त्याऐवजी: “व्याली? कधी?” “रात्री.” “अंधारात पिल्लू कसं दिसलं तुला?” “बाबानं बॅटरी धरली. ते ओलं होतं.” “ओलं होतं, मग शेळीनं काय केलं?” मुलाला तीनदा संधी मिळाली आणि त्याचं वाक्य लांबलं. ताईंचं बोलणं आणि त्यावर मुलाचं उत्तर, ही एक फेरी. मुद्रणात अशी किमान तीन फेऱ्यांची साखळी शोधा. पहिल्या खेपेला एकही सापडली नाही तर दचकू नका, तसं बहुतेकांचं होतं.

मग प्रश्न विचारल्यावर ताई किती वेळ थांबतात ते मोजा. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवलं की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एखादाच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात आणि गप्प मुलंही बोलू लागतात. तीन सेकंद वर्गात फार मोठे वाटतात. हातात खडा किंवा मणी घेऊन तो तीनदा फिरवा, तोंड आपोआप बंद राहतं. त्याच वेळी मदतनीस ताई मायेपोटी उत्तर सांगून टाकतात. त्यांना आधीच कल्पना द्या.

उलटी चूकही होते. मोकळे प्रश्न विचारायचे ठरलं की ताई प्रश्नांचा भडिमार करतात आणि गप्पांची तोंडी परीक्षा होते. दोन प्रश्नांमागं एक साधं विधान ठेवा: “मला ओल्या पिल्लाला हात लावायला भीती वाटते.” लाजऱ्या मुलाशी तर विधानानंच सुरुवात करा, आणि समोर न बसता शेजारी बसून.

घरी वारली, कोरकू किंवा अहिराणी बोलणारं मूल मराठी प्रश्नाला गप्प राहिलं, तर ते मंद आहे असं लिहून मोकळं होऊ नका. तोच प्रश्न त्याच्या बोलीत विचारा, मदतनिसाकडून विचारून घ्या. उत्तर कुठल्याही भाषेत आलं तरी ते फेरीत धरायचं.

पुढच्या दोन आठवड्यांत एकच गोष्ट बदला, शक्यतो ‘छान’च्या जागी ‘पु’. मग त्याच वेळी, तोच खेळ मांडून पुन्हा मुद्रण करा. खेळ बदलला तर आकड्यांची तुलना होत नाही. पर्यवेक्षिकांना दाखवायचाच असेल तर मुलांची नावं झाकून कागद दाखवा, आणि मुद्रण मोजणी झाली की पुसून टाका.